वाचक विचारतात : ओहायोचा बांध

गेल्या अंकात औंधकडच्या एका वाचकाने विचारलं होतं, शेजारी दरवर्षी नांगरताना बांध कोरतो, काय करावं? उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की बांध कोरण्यात आपणच पटाईत आहोत असं नाही, इंग्रज आणि फ्रेंच अमेरिकेत असाच एक बांध कोरत बसले आणि त्यातून जगभरचं युद्ध, म्हणजे सप्तवार्षिक युद्ध, पेटलं. बांध राहिला बाजूला, या एका वाक्यावरच १४ पत्रं आली. त्यातली सात घेतोय. (औंधच्या वाचकांसाठी पुन्हा : मोजणीचा अर्ज करा, आणि शेजाऱ्याशी बोलणं बंद करू नका.)

नवीन वाचकांसाठी एक खुलासा. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. ३४ वर्षं भूकरमापक होतो. खटाव, माण, पाटण, तासगाव अशा तालुक्यांत साखळी ओढली, फलकयंत्र खांद्यावर वाहिलं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे इतिहास वाचतानाही आधी हद्दी बघतो आणि मग राजे.

काका, एवढी मोठी अमेरिका आणि गोरी माणसं मूठभर. इंग्रज-फ्रेंचांनी अर्धी अर्धी वाटून घ्यायला काय हरकत होती? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, कराड)

तू कराडचा, म्हणजे संध्याकाळी प्रीतिसंगमावर जात असशील. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भिडतात आणि वळून एक होऊन निघतात. त्या टोकावर जो बसेल त्याला दोन्ही नद्यांवरून येणारं जाणारं दिसणार. पंताचा कोट तिथं उगीच नाही बांधलेला. अमेरिकेतही अशीच एक जागा आहे. उत्तरेकडून अ‍ॅलेगेनी येते, दक्षिणेकडून मोनोंगाहेला येते, दोघी मिळून ओहायो होतात आणि ती ओहायो पुढे दीड हजार किलोमीटर वाहत जाऊन मिसिसिपीला मिळते. सगळं भांडण या एका संगमापाशी येऊन ठेपलं होतं.

आता दोघांची गरज बघ. फ्रेंचांचं एक ठाणं उत्तरेला, कॅनडात सेंट लॉरेन्स नदीच्या काठी. दुसरं खाली दक्षिणेला, मिसिसिपीच्या मुखाशी. मधलं जाणं-येणं नदीतून, होड्यांनी. त्यांचा धंदा बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्यांचा. त्याला शेती लागत नाही, वाट लागते, आणि कातडी आणून देणारे स्थानिक लोक खूश असावे लागतात. इंग्रजांच्या वसाहती मात्र पूर्वेच्या किनाऱ्याला चिकटलेल्या, पाठीशी डोंगर. १७५० नंतरच्या त्या वर्षांत इंग्रजांकडे बारा लाखांवर वस्ती, फ्रेंचांकडे साठ-सत्तर हजार. इंग्रज शेतकऱ्याची पोरं वाढली की त्यांना डोंगरापलीकडचं रान दिसायला लागायचं. म्हणजे एकाला पाणंद हवी होती, दुसऱ्याला रान. वाटणी होते ती दोघांना एकच गोष्ट हवी असली तर. पाणंदीची आणि रानाची वाटणी करून बघ, मग माझ्या नोकरीची कल्पना येईल.

बरं, दोघांचे कागद काय होते? फ्रेंचांचं म्हणणं असं, की १६८२ मध्ये ला साल मिसिसिपीच्या मुखापर्यंत गेला आणि तिथं राजाच्या नावाने ताबा जाहीर केला. सबब मिसिसिपीला मिळणाऱ्या सगळ्या नद्या आमच्या, त्यांना मिळणारे ओढेही आमचे. हा न्याय लावला तर आंध्रात हंसलदीवीला, जिथं कृष्णा समुद्राला मिळते तिथं, कुणी झेंडा रोवावा आणि महाबळेश्वरच्या गोमुखावर हक्क सांगावा! इंग्रजांचा कागद याहून थोर. व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीच्या १६०९ च्या सनदेत हद्द दिली होती 'समुद्रापासून समुद्रापर्यंत'. पलीकडचा समुद्र किती लांब आहे हे सनद लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पूर्वेची बाजू तेवढी मोजलेली, बाकी सगळं 'वगैरे'. असा उतारा घेऊन कुणी माझ्या टेबलाशी आला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग शिशाच्या पत्र्यांचा. १७४९ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या गव्हर्नरने सेलोरों नावाच्या अधिकाऱ्याला दोनशेवर माणसं देऊन ओहायोवर पाठवलं. सोबत शिशाचे पत्रे, साधारण ११ इंच लांब, साडेसात इंच रुंद. पंधराव्या लुईच्या नावाने आम्ही या नदीच्या ताब्याचं नूतनीकरण करतो, असा मजकूर आधीच कोरलेला. तारखेची आणि ठिकाणाची जागा तेवढी कोरी. जिथं उपनदी मिळेल तिथं उतरायचं, कोऱ्या जागेत तारीख आणि नदीचं नाव भरायचं, पत्रा झाडाच्या मुळाशी पुरायचा, झाडावर राजचिन्ह ठोकायचं आणि पुढे निघायचं. छापील फॉर्म भरून देण्याची आपल्याकडची पद्धत याहून फार वेगळी नाही. असे सहा पत्रे.

हद्दीची खूण जमिनीत पुरण्याची कल्पना काही नवीन नाही. मनुस्मृतीतसुद्धा हद्दीवर कोळसा, राख, खापऱ्या, वाळू पुरून ठेवायला सांगितलंय. पण ती पुरायची शेजाऱ्यांना साक्षी ठेवून. सेलोरोंच्या पत्र्यांचं काय झालं? एक तर सेनेका या स्थानिक जमातीच्या लोकांनी लगेच हातोहात पळवला आणि इंग्रजांच्या माणसाकडे नेऊन दिला, वाचून दाखवा म्हणून. दुसरा १७९८ मध्ये मस्किंगम नदीच्या मुखाशी नदीवर गेलेल्या पोरांना सापडला. फ्रेंच येत नव्हतं, शिसं ओळखता येत होतं. त्यांनी थोडं वितळवून बंदुकीच्या गोळ्या पाडल्या. उरलेला तुकडा आजही जपून ठेवलेला आहे.

त्याच १७४९ सालात इंग्रजांच्या बाजूने ओहायो कंपनी या जमिनीचा धंदा करणाऱ्या कंपनीला दोन लाख एकरांची सनद मिळाली. सात वर्षांत १०० कुटुंबं वसवायची आणि किल्ला बांधायचा या अटीवर. दोन लाख एकर म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याचा तेरावा हिस्सा. सनद देणाऱ्याने ती जमीन पाहिली नव्हती. आणि लगतधारकांना नोटीस? ती ना फ्रेंचांनी काढली, ना इंग्रजांनी. त्याचं पुढे एका पत्रात येईल.

आमच्या वाईत एका व्याख्यानात ऐकलं की या इंग्रज-फ्रेंच भांडणातला एक मोहरा साताऱ्यात कैदेत होता. खरं आहे का? (गृहिणी, वाई)

खरं आहे, ताई. चंदासाहेब, कर्नाटकच्या (म्हणजे अर्काटकडच्या तमिळ मुलखाच्या) नबाबीचा एक दावेदार. १७४१ मध्ये रघुजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेतली, तेव्हा तो हाती लागला आणि त्याला साताऱ्याला आणून ठेवलं. छत्रपती शाहू महाराजांचा काळ. सुमारे सात वर्षं तो मराठ्यांच्या कैदेत राहिला. १७४८ मध्ये खंडणी ठरून सुटला, आणि त्या व्यवहारात पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याचा हात होता. डुप्लेला कर्नाटकात आपल्या हातचा नबाब हवा होता. चंदासाहेब सुटून गेला, तिकडे फ्रेंच त्याच्या मागे आणि इंग्रज दुसरा दावेदार महंमद अली याच्या मागे. १७५१ मध्ये क्लाइव्ह अर्काटला जाऊन बसला तो याच भांडणात. आपले गुत्तीचे मुरारराव घोरपडे तेव्हा इंग्रजांच्या बाजूने आले. १७५२ मध्ये चंदासाहेब मारला गेला.

सेलोरों तिकडे पत्रे पुरत होता ते १७४९ साल, आणि शाहू महाराज साताऱ्यात वारले तेही १७४९ च्याच डिसेंबरात. १४ जानेवारी १७६१ ला आपण पानिपत हरलो आणि दोनच दिवसांनी फ्रेंचांचं पाँडिचेरी इंग्रजांच्या हातात पडलं. शाळेत पानिपत एका धड्यात आणि पाँडिचेरी दुसऱ्या, दोन्हींच्या मधे परीक्षा. त्यामुळे ही तारीख आपल्या ध्यानातच येत नाही.

साहेब, जॉर्ज वॉशिंग्टन आधी मोजणीदार होता म्हणे. म्हणजे तुमच्याच खात्यातला? (द्राक्ष बागायतदार, तासगाव)

खात्यातलाच, आणि चांगला सीनियर. १७४८ मध्ये, १६ वर्षांचा असताना, तो लॉर्ड फेअरफॅक्सच्या जमिनी मोजणाऱ्या तुकडीबरोबर डोंगरात गेला. त्या वेळची त्याची रोजनिशी आहे. एका मुक्कामी हा शहाण्या घरचा मुलगा कपडे काढून अंथरुणात शिरला, तर खाली नुसतं पेंढ्याचं गवत, अंगावर एक झिरझिरीत घोंगडी, आणि तिच्या दुप्पट वजनाच्या उवा आणि पिसवा. दिवा बाहेर जाताच उठला, कपडे चढवले आणि पुढे विस्तवापाशी उघड्यावर झोपणं पसंत केलं. हे वाचलं आणि माणूस आपल्यातला वाटला. १९८१ साली माणमधल्या एका चावडीत मी अगदी अशीच रात्र काढली आहे. फरक एवढाच, मी रोजनिशीत 'मुक्काम सोयीचा' असं लिहिलं, कारण ती साहेबांकडे जायची.

साखळीबद्दल सांगतो, तुम्हाला आवडेल. इंग्रजी मोजणीतली गंटरची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. आपली जुनी साखळी ३३ फुटांची, बरोबर निम्मी. ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. तिकडे ६६ च्या दहा चौरस साखळ्यांचा एकर. दोन्हीकडून आकडा एकच येतो, ४३,५६० चौरस फूट. तुमच्या बागेचा एकर आणि व्हर्जिनियातला एकर सख्खे भाऊ.

१७ व्या वर्षी तो कल्पेपर काउंटीचा अधिकृत मोजणीदार झाला. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट उघडपणे सांगतो : कुठलं रान कसदार, पाणी कुठं, रस्ता कुठून येणार, हे मोजणीवाल्याला गावाच्या आधी कळतं. आम्ही सरकारी नोकर, आम्हाला मोह आवरावा लागतो. वॉशिंग्टनला तसं बंधन नव्हतं. १८ वर्षांचा असताना त्याने पहिली मोठी जमीन खरेदी केली, आणि आयुष्यभर पश्चिमेच्या जमिनीचं वेड त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

१७५३ च्या हिवाळ्यात व्हर्जिनियाचा लेफ्टनंट गव्हर्नर डिनविडी याने त्याला फ्रेंचांकडे नोटीस घेऊन पाठवलं : ही जमीन आमची, निघून जा. डिनविडीचा ओहायो कंपनीत हिस्सा होता. वॉशिंग्टनच्या सावत्र भावांचाही होता. नोटीस काढणारा आणि बजावणारा, दोघेही दाव्यात हितसंबंधी! ल बफच्या ठाण्यात सँ-पिएर नावाच्या वयस्क फ्रेंच अधिकाऱ्याने या २१ वर्षांच्या पोराचं आदराने स्वागत केलं, आणि उत्तर लिहून दिलं, की आपण पाठवलेल्या हुकमाप्रमाणे निघून जाण्यास मी स्वतःला बांधील समजत नाही. परत येताना वॉशिंग्टन आणि त्याचा वाटाड्या ख्रिस्तोफर गिस्ट यांनी एका कुऱ्हाडीवर दिवसभर खपून तराफा केला. बर्फाच्या लाद्यांनी भरलेल्या अ‍ॅलेगेनीत वॉशिंग्टन वासा टेकवायला गेला आणि थेट पाण्यात पडला. रात्र एका बेटावर काढली. गिस्टची बोटं गोठली. सकाळी नदीच गोठलेली, चालत पार झाले.

पुढच्या वसंतात फ्रेंचांनी संगमावर इंग्रजांची अर्धवट बांधलेली गढी घेतली आणि आपला ड्युकेन किल्ला उभा केला. वॉशिंग्टन फौज घेऊन निघाला. २८ मे १७५४ च्या सकाळी एका घळीत त्याने जुमोंव्हिल नावाच्या अधिकाऱ्याच्या फ्रेंच तुकडीवर छापा घातला. पंधरा मिनिटांचं काम. जुमोंव्हिल मारला गेला. फ्रेंच म्हणाले, तो पत्र घेऊन आलेला दूत होता. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी वॉशिंग्टन स्वतः जे होता तेच.

मग सूड घ्यायला जुमोंव्हिलचा भाऊच आला. वॉशिंग्टनने कुरणात घाईने लाकडी मेढेकोट उभारला होता, नाव दिलं नेसेसिटी, 'गरजेपुरता'. गोल, ५३ फूट व्यासाचा. हिशोब करा : जेमतेम दोन गुंठे. साधारण चारशे माणसं आणि दोन गुंठ्यांचा किल्ला! सखल जागा, चहूबाजूंनी उतारावर झाडं. अजिंक्यतारा बघत वाढलेलं आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा तिथं किल्ला बांधणार नाही. ३ जुलैला दिवसभर पाऊस. चर पाण्याने भरले, दारू भिजली. रात्री फ्रेंचांनी शरणागतीचे कलम पाठवले, फ्रेंच भाषेत. वॉशिंग्टनला फ्रेंच येत नव्हतं. व्हॅन ब्राम नावाचा डच माणूस, त्याला थोडं येत होतं. पावसात, मेणबत्तीच्या उजेडात, शाई ओघळलेल्या कागदावरून त्याने वाचून सांगितलं आणि वॉशिंग्टनने सही ठोकली. त्या कागदात जुमोंव्हिलच्या मृत्यूला शब्द होता 'खून'. सही खुनाच्या कबुलीवर झाली. फ्रेंचांनी ती युरोपभर दाखवली. ४ जुलैच्या सकाळी त्याने कोट रिकामा केला. त्या तारखेला पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

यावर मी हसू शकत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्याचा जबाब मी लिहून घेतला, खाली नेहमीचं वाक्य टाकलं, 'जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे', आणि अंगठा घेतला. वाचून दाखवला नव्हता. एसटी चुकली असती. जबाबात उत्तरेच्या जागी दक्षिण पडलं होतं. ते निस्तरायला त्याच्या मुलाला पाच वर्षं तालुक्याच्या खेपा घालाव्या लागल्या. व्हॅन ब्रामला पुढे लोकांनी फितूर ठरवलं. मला कुणी काही म्हणालं नाही.

मी फौजेत २८ वर्षं काढली. ब्रॅडॉकची एवढी कवायती पलटण जंगलातल्या नऊशे लोकांकडून कशी मारली गेली? (निवृत्त सुभेदार, सातारा तालुका)

सुभेदारसाहेब, तुम्हाला मी काय सांगणार. बाकीच्यांसाठी : ब्रॅडॉक म्हणजे ड्युकेन किल्ला घ्यायला निघालेला इंग्रज सेनापती. तेराशेवर माणसं, जंगल तोडून केलेला १२ फुटांचा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना झाडं. ९ जुलै १७५५, ड्युकेन किल्ला हाकेच्या अंतरावर आला होता. पुढची तुकडी मागे हटली, मागची पुढे आली, आणि सगळे त्या १२ फुटांत एकमेकांवर. समोरच्यांत फ्रेंच थोडे, बहुतेक सगळे स्थानिक जमातींचे योद्धे. ते झाडांआडून मारत होते. सुमारे नऊशे पडले, मेलेले आणि जखमी धरून. वॉशिंग्टनच्या अंगाखाली दोन घोडी गेली, कोटाला चार भोकं पडली, अंगाला ओरखडा नाही. ब्रॅडॉक १३ जुलैला वारला. त्याला त्याने स्वतः काढलेल्या रस्त्याच्या मधोमध पुरला आणि प्रेत कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्यावरून सगळ्या फौजेच्या गाड्या नेल्या. १८०४ मध्ये रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुरांना हाडं सापडली.

एवढा मोठा कॅनडा फ्रान्सने सोडला कसा? मन झालं कसं? (ऊस उत्पादक, इस्लामपूर)

दादा, तुम्हालाच कळेल असं उत्तर आहे : साखर. १७५९ मध्ये क्वेबेक गेलं, १७६० मध्ये माँट्रियल. पण इंग्रजांनी फ्रान्सची कॅरिबियन बेटंही घेतली होती. १७६३ च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सने कॅनडा सोडला आणि ग्वाडलूप, मार्तिनिक ही उसाची बेटं परत घेतली. कॅनडात बर्फ आणि कातडी, आणि खर्च उत्पन्नापेक्षा जास्त. त्या बेटांवरची साखर गुलामांच्या रक्तावर पिकत होती, पण पॅरिसच्या हिशोबात ती नगदी होती. इंग्लंडातही तेव्हा वाद झाला, कॅनडा ठेवावा की ग्वाडलूप.

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. तुमचं वाक्य वाचून एकच विचारावंसं वाटलं. त्या जमिनीवर जे आधीपासून राहत होते त्यांना कुणी विचारलं का? (शिक्षिका, पुनर्वसित गावठाण)

बाई, मी हे पत्र सगळ्यात शेवटी उघडलं आणि सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

वर ज्या गिस्टची बोटं गोठली, तो ओहायो कंपनीसाठी जमीन पाहत आधीही दोनदा हिंडला होता. १७५१-५२ च्या फेरीत डेलावेअर जमातीचा एक माणूस त्याच्याकडे आला. त्याच्या प्रमुखांनी त्याला एक प्रश्न घेऊन पाठवलं होतं : ओहायोच्या एका बाजूची सगळी जमीन फ्रेंच आपली म्हणतात, दुसऱ्या बाजूची सगळी इंग्रज आपली म्हणतात, मग आमची जमीन आहे कुठं? काय उत्तर द्यावं हे सुचेना, असं गिस्टने स्वतः रोजनिशीत लिहून ठेवलंय. मग त्याने सारवासारव केली, की आपण सगळे एकाच राजाची प्रजा.

माझ्याकडेही असा एक माणूस आला होता. माण तालुक्यात दोन सख्ख्या भावांचं पडीक रान मोजत होतो, आणि मधोमध एका धनगराचा मेंढरांचा वाडा बसलेला. बाप-आज्यापासून पावसाळा संपला की तिथंच बसायचा. दिवसभर साखळीकडे बघत होता. संध्याकाळी म्हणाला, "सायेब, ह्याचं झालं, त्याचं झालं. वाडा कुणाच्यात आला?" माझ्या कागदावर कब्जेदाराचा रकाना होता, लगतधारकाचा होता. मी म्हटलं, दोघांच्यातही थोडा थोडा. तो हसला आणि मेंढरं उठवायला गेला.

ओहायोच्या लोकांना लढाई चालू असताना विचारलं गेलं, कारण तेव्हा त्यांची गरज होती. ऑक्टोबर १७५८ मध्ये ईस्टन इथं इंग्रजांशी तह झाला. पाचशेवर स्थानिक प्रतिनिधी आणि त्यांची माणसं जमली होती. डोंगरापलीकडे वसाहत करणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं, आणि त्यांनी फ्रेंचांची साथ सोडली. महिन्याभरात, २५ नोव्हेंबरला, ड्युकेन किल्ला पडला. पडला म्हणजे फ्रेंचांनी स्वतःच सुरुंग लावून उडवला आणि निघून गेले, कारण सोबतीला कुणी उरलं नव्हतं. लढाईचं श्रेय इंग्रज सेनापती फोर्ब्जला देतात. मी ते ईस्टनच्या बैठकीला देतो.

फ्रेंच गेले, मग इंग्रजांनी काय केलं? त्याच जागेवर त्याहून कितीतरी मोठा, पाच कोनांचा फोर्ट पिट बांधला. फ्रेंच दरवर्षी भेटी देत, बंदुकीची दारू देत. ती देवाणघेवाण म्हणजे त्या लोकांच्या मते जागा वापरू दिल्याचा मान होता. इंग्रज सेनापती अ‍ॅमहर्स्टने खर्च वाचवायला ती बंद केली. मे १७६३ मध्ये ओटावा जमातीचा प्रमुख पाँटियाक उठला, डेट्रॉइटला वेढा पडला, एकामागून एक आठ ठाणी पडली. फोर्ट पिटमध्ये बोलणी करायला आलेल्या डेलावेअर माणसांना जूनमध्ये भेट दिली गेली : देवी रोगाच्या रुग्णालयातल्या दोन कांबळी आणि एक रुमाल. ही नोंद किल्ल्यातल्याच एका व्यापाऱ्याच्या रोजनिशीत आहे.

७ ऑक्टोबर १७६३ ला लंडनहून जाहीरनामा निघाला. डोंगराच्या धारेवरून रेषा. पूर्वेला उतरणाऱ्या पाण्याकडे वसाहती, पश्चिमेला उतरणाऱ्या पाण्याकडे स्थानिकांची रानं, तिथं कुणी जमीन मोजायची नाही, घ्यायची नाही. मोजणीवाला म्हणून सांगतो, हद्द उत्तम होती. पाणलोटाची धार कुणाला कोरता येत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर उभं राहा, पाणी कुठं पळतं ते दिसतंच. पण १७६७ मध्ये वॉशिंग्टन आपल्या ओळखीच्या मोजणीदाराला पत्र लिहितो, की हा जाहीरनामा म्हणजे स्थानिकांची मनं शांत करायची तात्पुरती तजवीज आहे, तू आताच जाऊन चांगल्या जमिनी हेरून ठेव, आणि गाजावाजा करू नकोस. पुढच्याच वर्षी फोर्ट स्टॅनविक्सला नवा तह झाला. त्यात इरोक्वॉय या स्थानिक जमातींच्या संघाने ओहायोच्या दक्षिणेचा मोठा मुलूख इंग्रजांना लिहून दिला. तिथं शिकार करत होते शॉनी जमातीचे लोक. शॉनींनी काही लिहून दिलं नव्हतं. ताबा एकाचा आणि खरेदीखत दुसऱ्याचं. असे फेरफार मी आयुष्यभर पाहिले, बाई, आणि त्यांवर 'हरकत नाही' असा शेरा मारलेलाही पाहिला.

तेव्हा, विचारलं का? एकदा विचारलं. ईस्टनला.

मुलगा नोकरीनिमित्त पिट्सबर्गला आहे, जूनमध्ये आम्ही दोघं जातोय. तिथं या इतिहासाचं बघण्यासारखं काही आहे का? (निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

आहे की! व्यंकटेश मंदिरात तर मुलगा नेईलच. एक संध्याकाळ संगमावर काढा. आपल्या हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमाची आठवण येईल, फक्त तिथं चिंचा नाहीत. तिथल्या बागेत ड्युकेन किल्ल्याची रेषा जमिनीत दगडांनी आखून ठेवली आहे, तिच्यावरून चालत फिरा. शेजारी १७६४ चं फोर्ट पिटचं विटांचं छोटं घर अजून उभं आहे.

मग एक दिवस मोटारीने शंभरेक किलोमीटर आग्नेयेला जा. तिथं नेसेसिटीचा दोन गुंठ्यांचा मेढेकोट पुन्हा उभारलाय. गंमत म्हणजे १९३० च्या दशकात तो आधी कोनाकोनाचा बांधला होता. १९५० च्या दशकात उकरून पाहिलं तर मूळचे खुंट गोलात निघाले. मग पाडून गोल बांधला. मोजणीतली चूक कबूल करून दुरुस्त केल्याचं असं उदाहरण फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं, तेवढ्यासाठी तरी जा. जवळच ब्रॅडॉकची कबर आहे आणि जुमोंव्हिलची घळही.

ज्या कुरणात वॉशिंग्टनने भर पावसात न वाचलेल्या कागदावर सही केली, ते कुरण त्याने पुढे विकत घेतलं. मरेपर्यंत विकलं नाही. १७९९ च्या मृत्युपत्राला जोडलेल्या जमिनींच्या यादीत त्याची नोंद आहे : ग्रेट मेडोज, २३४ एकर. पुढे शेरा आहे, की १७५४ मध्ये फ्रेंचांशी पहिली चकमक इथंच झाली. आणि त्याच शेऱ्यात असंही आहे, की गवत कापणीजोगं उत्तम, आणि जागा ब्रॅडॉकच्या रस्त्यावर असल्याने खाणावळीला फार सोयीची. आपल्याकडच्या जाहिरातीच्या भाषेत, रोडटच.